फलकावरील बारीक अक्षर

(कार्यालयासाठी व शाळेसाठी फलक करवून घेणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यालयाच्या भिंतीवरील फलकाचा मथळा सहसा चुकत नाही. वीतभर उंचीची अक्षरे, गडद रंग, वर बोधचिन्ह; रंगारी असो वा यंत्र, तेवढे काम कुणाच्याही हातून नीट होते. चूक होते ती खालच्या ओळींत. जन माहिती अधिकाऱ्याचे नाव, अपील कोणाकडे करावयाचे, किती दिवसांत करावयाचे, शुल्क किती, दूरध्वनी क्रमांक कोणता, हा सारा मजकूर बोटाच्या पेराहून लहान अक्षरांत बसविलेला असतो. आणि नागरिकाला खरी गरज असते ती याच मजकुराची. दोन पावसाळे गेले की एखादा अनुस्वार गळून पडलेला असतो, एखाद्या आकड्याची शेपटी सुटून वाऱ्यावर हलत असते. मथळा मात्र दिमाखात उभा असतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रकट करण्याचे बंधन घातले आणि ती लोकांपर्यंत पोहोचविण्याच्या साधनांत सूचनाफलकाचा उल्लेख केला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, तेव्हापासून अधिसूचित सेवा, त्यांची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील प्राधिकारी यांची माहिती कार्यालयाच्या फलकावर असणे आवश्यक झाले. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना यांच्या नामफलकांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मराठी नाव देवनागरी लिपीत व इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसेल असे लिहिण्याची तरतूद अधिक व्यापक करण्यात आली. या सर्वांमुळे देवनागरी अक्षरे कापण्याचे काम गावोगावी वाढले आहे. फलक लावला आहे किंवा नाही, हे तपासणीत पाहिले जाते. त्यावरील शेवटची ओळ वाचता येते किंवा नाही, हे पाहिले जातेच असे नाही.

हे काम आता बहुधा कुंचल्याने होत नाही. तालुक्याच्या गावी ‘रेडियम कटिंग’ अशी पाटी लावलेले एखादे तरी दुकान असते. तेथे मिळणाऱ्या पट्टीत रेडियम या मूलद्रव्याचा कणही नसतो, पण नाव रूढ झाले आहे आणि ते बदलण्याच्या खटाटोपात पडण्याचे कारण नाही. ही पट्टी म्हणजे विनाइलची, म्हणजे पीव्हीसी या प्लॅस्टिकची अतिशय पातळ फिल्म होय. तिच्या मागे गोंदाचा थर, आणि गोंदाखाली सिलिकॉन लावलेला गुळगुळीत कागद. यंत्रातील पाते फिल्म आणि गोंद कापते. कागद कापावयाचा नसतो. कागद अखंड राहतो म्हणूनच अक्षरे आपापल्या जागी राहतात. या कामाचे सारे मर्म एवढ्यातच आहे. फिल्म पूर्ण कापली गेली पाहिजे आणि कागदावर केवळ पुसट ओरखडा उमटला पाहिजे. या दोहोंमधील अंतर एका केसाच्या जाडीहून फारसे अधिक नसते.

देवनागरीचा प्रश्न वेगळा

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील गर्बर या कंपनीने विनाइलची अक्षरे कापणारे संगणकीय यंत्र बाजारात आणले. ते रोमन अक्षरांसाठी बनविलेले होते. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी असतात. प्रत्येकाची बाह्यरेषा स्वतंत्र. पाते एका अक्षराभोवती फिरते, उचलले जाते आणि दुसऱ्यावर टेकते. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात, आणि येथेच अनभिज्ञ कारागिराची पहिली फसगत होते.

संगणकातील टंकात प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा स्वतःचा तुकडा असतो. शेजारच्या अक्षराच्या तुकड्यावर तो थोडासा चढलेला असतो, म्हणून पडद्यावर आणि छापील कागदावर रेषा सलग दिसते. पाते मात्र रंग पाहत नाही. ते बाह्यरेषेवरून फिरते. जेथे दोन तुकडे एकमेकांवर चढले आहेत तेथे ते दोन्ही कडा इमानाने कापते. ‘ग्रामपंचायत’ या शब्दाची शिरोरेषा त्यामुळे पाच-सहा ठिकाणी तुटते आणि प्रत्येक सांध्यावर नखाच्या कोराएवढी एक चिंधी तयार होते. मोठ्या अक्षरात हा दोष झाकून जातो. बारा-पंधरा मिलिमीटरच्या अक्षरात तीच चिंधी पहिल्यांदा उचलली जाते, तिच्या खाली धूळ शिरते, आणि वर्षभरात शब्दाच्या मस्तकावर काळ्या भेगा दिसू लागतात. काना, वेलांटी आणि रफार यांच्या सांध्यांचीही हीच कथा.

उपाय सोपा आहे आणि त्याला खर्च नाही. मजकूर बाह्यरेषांत रूपांतरित केल्यावर संगणकाच्या ‘वेल्ड’ या आज्ञेने, काही आज्ञावलींत तिला ‘युनियन’ म्हणतात, संपूर्ण शब्दाचे सर्व भाग एकजीव करून घ्यावयाचे. फलक करवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला यंत्र चालविता येण्याची गरज नाही; पण कापण्यापूर्वी पडद्यावर ‘नुसत्या रेषा दाखवा’ असे तो सांगू शकतो. अक्षरांतील रंग निघून जातो आणि केवळ कापाच्या रेषा उरतात. शिरोरेषेवर अक्षरागणिक आडव्या-उभ्या रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या, तर काम अपुरे आहे हे कुणाच्याही ध्यानात येईल. शब्दाभोवती एकच अखंड रेघ आणि आत पोकळ्यांची लहान वर्तुळे एवढेच दिसले पाहिजे.

एकदा शब्द असा एकजीव झाला की देवनागरीची अडचण तिचे बळ ठरते. रोमन लिपीत दहा अक्षरांचा शब्द म्हणजे दहा सुटे तुकडे. ते भिंतीवर सरळ रेषेत नेण्याची चिंता. देवनागरीत शिरोरेषा साऱ्या अक्षरांना धरून ठेवते आणि शब्द एका पट्टीसारखा उचलता येतो. सुटे राहतात ते अनुस्वार, विसर्ग, चंद्रबिंदू, नुक्ता आणि आकड्यांमधील दशांशचिन्ह. फलकावरून गळतात ते बहुधा हेच. त्यांना चिकटून राहण्यासाठी क्षेत्रफळच नसते. दोन मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्याखाली जेमतेम तीन चौरस मिलिमीटर गोंद असतो, आणि त्याच्या भोवतालची सगळीच कड असते.

ठिपका पडल्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. ‘अंगणवाडी’चे ‘अगणवाडी’ झाले तरी लोक समजून घेतात, हे खरे. पण ‘त्यांनी अर्ज करावा’ आणि ‘त्याने’ असा भेद जेथे अर्थाला लागू पडतो, जेथे ‘बंद’ हा शब्द वाचून माणसाने परत फिरावयाचे की नाही हे ठरते, तेथे समजून घेण्यावर विसंबता येत नाही. दशांशचिन्हाची गोष्ट त्याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. फलकावर ते ‘रु. १०.००’ असे लिहिले आणि मधला ठिपका निघाला, तर उरते ते ‘रु. १०००’. एखादी वृद्ध स्त्री तो आकडा वाचून अर्ज न करताच घरी गेली तर तिची तक्रार कोणत्याही नोंदवहीत येणार नाही. म्हणून पूर्ण रुपयांपुढे ‘.००’ लिहूच नये. कार्यालयाची वेळ ‘१०.३०’ अशी न लिहिता ‘साडेदहा’ असे अक्षरांत लिहिता येते. हा कारागिराचा प्रश्न नाही. मजकूर तयार करणाऱ्या लिपिकाच्या मेजावर तो सुटतो.

अक्षराची निवड आणि आकार

टंक निवडताना ज्या अक्षराची जाड आणि बारीक रेघ यांत फार फरक आहे, ते लहान कामाला घेऊ नये. बोरूच्या वळणाचे अक्षर डोळ्यांना सुंदर दिसते, पण त्याची बारीक बाजू पात्याला झेपत नाही आणि गोंदालाही नाही. कार्यालयांतील पुष्कळ संगणकांवर ‘मंगल’ हा टंक असतो. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी तो संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी घडविला आणि त्या कामाला तो उत्तम आहे; भिंतीवर चिकटवावयाच्या बारीक अक्षरासाठी तो घडविलेला नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला ‘मुक्त’ हा समान जाडीच्या रेघांचा टंक विनामूल्य मिळतो, त्याची मध्यम जाडी या कामाला पुष्कळ बरी. आणखी एक बाब शिक्षकांनी तरी अवश्य पाहावी. अनेक टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांचे मूळ वळण हिंदी पद्धतीचे असते; मराठी वळण त्याच टंकात असूनही ते वेगळे निवडावे लागते. शाळेच्या फलकावर मुलांना पाटीवर शिकविलेलेच अक्षर दिसले पाहिजे.

जुन्या, युनिकोडपूर्व टंकात टंकलिखित केलेला मजकूर दुकानदाराकडे पाठविला तर दुसऱ्या संगणकावर त्याचे काहीबाही होऊन बसते. जोडाक्षरे फुटतात, ‘दुसऱ्या’मधील अर्धा ‘र’ नाहीसा होतो, आणि दुकानदार ते आपल्या समजुतीने दुरुस्त करतो. मजकूर युनिकोडमध्येच द्यावा व मुद्रितशोधन अक्षरे बाह्यरेषांत रूपांतरित होण्यापूर्वी संपवावे. रूपांतर झाल्यावर ती अक्षरे राहत नाहीत, आकृत्या होतात. तेथे ऱ्हस्वाचे दीर्घ करणे म्हणजे नवे चित्र काढणे होय.

आकाराविषयी रोमन अक्षरांसाठी कारागीर पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर, ही खालची मर्यादा सांगतात. ती देवनागरीला लावणे चूक ठरेल. आपल्या लिपीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. एकूण उंचीतील मोठा वाटा त्यांच्याकडे जातो आणि मुख्य अक्षराला निम्मी ते दोन तृतीयांश उंची मिळते. शिवाय पोकळ्या पाहा. ‘ब’च्या पोटातील तिरकी रेघ त्या पोकळीचे दोन तुकडे करते, ‘ष’चीही तीच गत. हे तुकडे चिमट्याने एकेक करून काढावे लागतात. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत १५ मिलिमीटर, रेघेची जाडी किमान दीड मिलिमीटर आणि अनुस्वाराचा ठिपका रेघेपेक्षा लहान नसलेला, एवढे प्रमाण धरावे. टंकातील ठिपका लहान असेल तर तो मोठा करून घेण्यास संकोच करू नये. फलक रंगविणारे जुने रंगारी अनुस्वार ठसठशीत देत असत.

आणि १५ मिलिमीटरचे अक्षर कोठून वाचावयाचे? तीन मीटर अंतरावरून सहज वाचण्यासाठी अक्षर सुमारे २५ मिलिमीटर असावे, असा फलक करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. त्या मानाने १५ मिलिमीटरचे अक्षर दोन मीटरच्या आतच सुखाने वाचता येते. असा मजकूर दाराच्या चौकटीवर टांगण्यात काय अर्थ आहे? तो डोळ्यांच्या उंचीवर, जेथे माणसाला जवळ उभे राहता येईल अशा भिंतीवर हवा. बाकाच्या किंवा कपाटाच्या मागे नव्हे.

पाते, दाब आणि वेग

आता यंत्राकडे वळू. साध्या कापयंत्रातील पाते स्वतः वळविले जात नाही. ते ओढले जाते आणि ओढीबरोबर आपोआप वळते. कार्यालयातील फिरत्या खुर्चीचे चाक पाहिले की ही गोष्ट स्पष्ट होईल. खुर्ची ढकलली की चाक तिच्या मागे फिरते, कारण ते आपल्या खिळ्याच्या बरोबर खाली नसून किंचित मागे असते. पात्याचे टोकही आपल्या अक्षापासून असेच थोडे मागे असते. नेहमीच्या पात्यांत हे अंतर पाव मिलिमीटर असते, काहींत त्याहून अधिक. हे अंतर यंत्राला अचूक सांगावे लागते. कमी सांगितले तर अक्षरांचे कोपरे गोल होतात. जास्त सांगितले तर कोपऱ्यांवर बारीक शिंगे फुटतात. मोठ्या अक्षरात पाव मिलिमीटरची चूक कुणाला दिसत नाही. दोन मिलिमीटरच्या अनुस्वारात तिच्यामुळे वर्तुळाचा आरंभ आणि शेवट जुळत नाहीत आणि ठिपका एका बाजूने फिल्मला लोंबकळत राहतो. सोलताना तो तिच्याबरोबर निघून जातो.

पात्याच्या धारेचा कोन ४५ अंशांचा किंवा ६० अंशांचा असतो. बारीक कामाला ६० अंशांचे पाते चांगले, कारण ते अधिक उभे असल्याने फिल्ममध्ये त्याची कमी लांबी रुतलेली असते आणि अरुंद वळणावर ते मोकळेपणाने वळते. पाते धारकातून बाहेर किती काढावयाचे, हा दुसरा प्रश्न. पुष्कळ कारागीर ते भरपूर बाहेर काढून दाब वाढवितात. मग पाते कागदात शिरते, कागदाचे तंतू उचलते, टोक लवकर बोथट होते आणि फिल्म सोलताना अक्षराबरोबर कागदाची सालही निघते. धारक हातात धरून फिल्मच्या एका कोपऱ्यावर रेघ ओढून पाहावी. फिल्म सुटली आणि कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरविल्यावर काही जाणवले नाही, तर खोली योग्य आहे.

त्यानंतर दाब. तो ग्रॅममध्ये मोजतात. साध्या फिल्मसाठी ६० ते ८० ग्रॅमपासून आरंभ करून दहा-दहा ग्रॅमने वाढवीत जावे आणि प्रत्येक वेळी चाचणीची लहान आकृती कापून पाहावी. यंत्रे चाचणीसाठी चौकोन किंवा त्रिकोण देतात. तेवढ्यावर समाधान मानू नये. ज्या कामाला हात घालावयाचा आहे त्यातीलच सर्वांत अवघड शब्द, ‘संपर्क’ किंवा ‘दुरुस्ती’ यासारखा, त्याच आकारात कापून, सोलून पाहावा. वेग कमी ठेवावा. लहान अक्षरांसाठी सेकंदाला पाच ते दहा सेंटिमीटर पुरेसा आहे. याहून अधिक वेगाने पाते वळणावर घसरते आणि ‘म’ची गाठ चौकोनी होते. एखादे छापील अक्षर यांत्रिक रीतीने बाह्यरेषांत उतरविले असेल तर त्या रेषेवर अनावश्यक बिंदूंची दाटी असते. प्रत्येक बिंदूवर पाते क्षणभर अडखळते आणि कड करवतीसारखी येते. असे बिंदू कमी करून वळणे मोकळी करून घेतल्याशिवाय वेग कमी करूनही उपयोग होत नाही.

बोथट पाते हा सर्वांत सामान्य दोष होय, आणि सर्वांत स्वस्त उपायाचा. तरीही पाते बदलण्याऐवजी दाब वाढविण्याकडेच कल दिसतो.

फिल्म कोणती

फिल्म दोन प्रकारची मिळते. एक रुळांमधून लाटून केलेली, सुमारे ७० ते १०० मायक्रॉन जाडीची आणि स्वस्त. दुसरी द्रवरूपात ओतून वाळविलेली, सुमारे ५० मायक्रॉनची, महाग. लाटताना पहिलीवर ताण आलेला असतो. उन्हात ती हळूहळू आकसते, कडेला गोंदाची रेघ उघडी पडते आणि तिच्यावर धूळ बसून अक्षराला काळी किनार येते. ओतीव फिल्ममध्ये हा ताण नसल्याने ती जागा सोडत नाही. संपूर्ण फलक महाग फिल्ममध्ये करण्याची गरज नाही. मथळा साध्या फिल्ममध्ये आणि खालचा बारीक मजकूर ओतीव फिल्ममध्ये, अशी विभागणी सहज करता येते. बारीक मजकुराला फिल्म लागतेच किती?

वाहनांवर आणि रस्त्याकाठी लावतात ती प्रकाश परतविणारी, चकाकणारी फिल्म मात्र बारीक अक्षरांसाठी घेऊ नये. ती जाड व कठीण असते, तिच्यातील काचेच्या सूक्ष्म मण्यांमुळे पाते लवकर झिजते, आणि रात्री दिव्याच्या झोतात बारीक अक्षरांच्या कडा पसरून ती एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात.

खुरपणी

कापून झाल्यावर अक्षरांभोवतालची नको असलेली फिल्म सोलून काढावयाची असते. कारागीर या क्रियेला ‘विडिंग’ म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ तण काढणे. म्हणजे ही खुरपणीच होय, आणि शेतकऱ्याच्या घरातील मुलाला तिच्यातील खुबी वेगळी सांगावी लागत नाही. पीक उपटले जाऊ नये आणि तण राहू नये. खुरपणीला उशीर झाला की तण माजते, येथे उशीर झाला की गोंद कापाच्या फटीत पुन्हा वाहून येतो आणि कापलेले पुन्हा जोडले जाते. म्हणून बारीक अक्षरे कापल्याबरोबर सोलावीत. दुसऱ्या दिवसावर टाकू नयेत. सोलताना फिल्म वर उचलू नये. ती स्वतःवरच दुमडून, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, सावकाश मागे ओढावी. मजकूर मोठा असेल तर ओळीओळींच्या मध्ये कापाच्या रेघा आधीच घालून ठेवाव्यात, म्हणजे एकेक ओळ सुटी सोलता येते आणि हातात फिल्मचा मोठा लगदा येत नाही. अनुस्वाराजवळ आल्यावर चिमट्याचे टोक त्यावर टेकवून धरावे. दिवा बाजूने ठेवला की कापाच्या रेघा सावलीने दिसतात.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात या कामाला निराळीच अडचण येते. खालचा कागद दमट हवेतील ओल शोषून फुगतो, फिल्म फुगत नाही, आणि गुंडाळीवर लाटा उठतात. अशा फिल्मवर एका जागी खोल आणि दुसऱ्या जागी उथळ काप पडतो. गुंडाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणे आणि काम झाल्यावर ती यंत्रावर तशीच न सोडणे, एवढी दक्षता पुरेशी असते. मराठवाड्यात व विदर्भात उन्हाळ्यात फिल्म मऊ पडून ताणली जाते. तेथे हे काम सकाळी उरकावे.

चिकटविणे

सोललेली अक्षरे चिकट कागदी पट्टीने उचलून फलकावर नेतात. मोठ्या अक्षरांना सौम्य चिकटाची पट्टी चालते. बारीक अक्षरांना थोडी अधिक चिकट लागते, नाहीतर ठिपके मूळ कागदावरच राहून जातात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर विनाइल टिकत नाही. ॲक्रिलिक किंवा एसीपी पत्रा घ्यावा. तैलरंग दिलेला पत्रा असेल तर रंग पुरता वाळून त्यातील वाफ निघून जाण्यास आठवडा किंवा अधिक वेळ द्यावा, अन्यथा फिल्मखाली बुडबुडे येतात. पत्रा स्पिरिटने पुसून घ्यावा. मोठी अक्षरे साबणाचे पाणी शिंपडून बसविण्याची पद्धत आहे, ती बारीक अक्षरांना लावू नये. पाण्यावर ठिपके सरकतात आणि गोंदाखाली ओल राहते. कोरड्या पत्र्यावर मधून कडेकडे पट्टी फिरवून दाबावे, प्रत्येक ठिपका नखाने वेगळा दाबावा, आणि वरचा कागद स्वतःवर दुमडून, खुरपणीत फिल्म ओढतात तसाच, सावकाश ओढून काढावा. काचेच्या आतल्या बाजूने लावावयाची अक्षरे उलटी कापावी लागतात, हे सांगावयास नको. तरी मागणीपत्रात तसे लिहिलेले बरे.

ज्या मजकुराची अक्षरे १५ मिलिमीटरहूनही लहान येणार आहेत तो कापण्याचा हट्ट धरू नये. तो फिल्मवर छापून वर पारदर्शक आवरण देणे हेच शहाणपणाचे. त्यात सुटे तुकडे नसतात म्हणून गळत काहीच नाही. काही प्रशिक्षण संस्थांत आणि शाळांत आता लेझरने कापणारी यंत्रे आली आहेत. त्यांवर विनाइल कापण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण तसे मुळीच करू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा वायू निघतो. तो श्वासावाटे घातक आहे आणि यंत्रही गंजवितो. पात्याच्या यंत्राला हा धोका नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून चाललेल्या फॅब लॅबसारख्या प्रयोगशाळांच्या नेहमीच्या सामग्रीत असे पात्याचे यंत्र असते, आणि अशा प्रयोगशाळांत त्याच यंत्रावर तांब्याची पातळ पट्टी कापून विजेची मंडले बनवितात. बारीक अक्षरावर हात बसलेल्या मुलाला तेही काम जमते.

काम ताब्यात घेताना

फलकाची मागणी बहुधा चौरस फुटांत नोंदविली जाते आणि दरही त्यानेच ठरतो. त्यामुळे स्वस्त दराने काम घेणारा बारीक मजकुरावर वेळ घालवीत नाही. त्याचा वेळ चौरस फुटांत मोजलाच जात नाही. मागणीपत्रात सर्वांत लहान अक्षराची उंची, फिल्मचा प्रकार आणि कापण्यापूर्वी रेषांचा नमुना दाखविण्याची अट, या तीन बाबी लिहिल्या तर दर थोडा वाढेल, परंतु वर्षभरात फलक पुन्हा करण्याचा खर्च वाचेल. आपल्याकडे ही अट घातल्यावर काही दुकानदार काम नाकारतील. ज्याला रेषांचा नमुना दाखविता येत नाही त्याच्याकडून बारीक मजकूर करून न घेतलेलाच चांगला.

ताबा घेताना दोन माणसे असावीत. एकाने मूळ मजकूर वाचावा, दुसऱ्याने फलकावर बोट ठेवून पाहावे. आकडे एकेक करून वाचावेत. त्यानंतर मूळ मजकुरातील अनुस्वार आणि इतर ठिपके मोजून घ्यावेत आणि फलकावरचे मोजावेत. हे काम शाळेतील सातवीच्या विद्यार्थ्यांनाही देता येते आणि ते अधिकाऱ्यांपेक्षा ते अधिक काटेकोरपणे करतात. दोन्ही संख्या जुळल्यावरच देयकावर सही करावी. हीच मोजणी दर पावसाळ्यानंतर एकदा करावी.

आणि मागणी नोंदवितानाच दुकानदाराला सांगून ठेवावे की मजकूर कापताना त्याच फिल्मवर त्याच आकाराचे वीस-पंचवीस जादा ठिपके कापून द्यावेत. त्याला फिल्मचा एक चतकोर लागतो. ती पट्टी पाकिटात घालून फलकाच्या धारिकेला जोडून ठेवावी. ठिपका गळाला की जागा स्पिरिटने पुसावी, वाळू द्यावी, चिमट्याने नवा ठिपका उचलून बसवावा आणि नखाने दाबावा.